पुस्तकांच्या घरातली शाळा : वाचकांचे प्रश्न

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांविषयी मागील अंकात लिहिले, त्यानंतर बरीच पत्रे आली. आमच्या तिन्ही मुलांचे शिक्षण नगरला, आमच्याच घरी झाले. धाकटा यंदा दहावीला बसतो आहे. त्या सोळा वर्षांच्या अनुभवावरून निवडक पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा आहे. गेल्या जूनपासून आम्ही त्यांना घरी शिकवतो. परदेशातील एका ख्रिस्ती प्रकाशनाचा वर्षभराचा संच मागवला असून सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत त्याप्रमाणे तास घेते. दुपारपर्यंत मुले कंटाळतात आणि माझा जीव मेटाकुटीला येतो. कौटुंबिक उपासनाही घाईघाईने उरकली जाते. आपल्या घरचा दिवस कसा असे? — एक आई, पुणे

जय ख्रिस्त, ताई. आपल्या पत्रातील थकवा मला अगदी ओळखीचा वाटला, कारण आमचे पहिले वर्ष असेच गेले. शाळेतील सहा तास चाळीस मुलांसाठी असतात. हजेरी, रांगा, वह्या तपासणे आणि एकाला समजेपर्यंत बाकीच्यांनी थांबणे यांत त्यांतला बराच वेळ जातो. घरी दोनच मुले समोर असताना तेवढे तास भरायचे म्हटले, की कामापेक्षा काम वाढवणेच होते. सहा वर्षांच्या मुलाला दीड तास आणि नऊ वर्षांच्या मुलीला अडीच तास, एवढा बैठा अभ्यास पुरेसा आहे, असे मी अनुभवाने सांगते.

आमच्या घरी दिवसाची सुरुवात पावणेसातला उपासनेने होई, कारण मुलांचे वडील साडेआठला कामावर निघत आणि त्यांच्याशिवाय उपासना करायची नाही, असे आम्ही ठरवले होते. ‘उपासना संगीता’तील एक गीत, शुभवर्तमानातील आठ-दहा वचने आणि तिघांपैकी ज्याची पाळी असेल त्याने केलेली प्रार्थना, असे सगळे मिळून पंधरा मिनिटांत संपे. लहान मुलांसमोर लांबलचक प्रार्थना करून त्यांची चुळबुळ पाहत बसण्यापेक्षा थोडे पण रोज, हे आम्हाला मानवले. पवित्र शास्त्राच्या दोन प्रती आम्ही शेजारी शेजारी उघडून ठेवत असू : एक आज मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाचली जाते ती आणि दुसरी पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत हे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून तो ग्रंथ बाहेर आला. एकाच वचनासाठी दोन ठिकाणी दोन शब्द का आले, यावर माझ्या मुलीने आणि तिच्या वडिलांनी चहा निवेपर्यंत वाद घातलेला मला आठवतो. व्याकरणाचा वेगळा तास त्या दिवशी मी घेतला नाही.

मग झाडलोट, पाणी भरणे, कुंड्यांना पाणी घालणे. नऊला अभ्यास सुरू होई, तो गणिताने. पण वीस मिनिटांच्या वर नाही. त्यानंतर चांगल्या गद्यातील दहा ओळी सुवाच्य अक्षरात उतरवणे, थोडे इंग्रजी, आणि शेवटी दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे ऐकलेले परत सांगणे. इंग्लंडमधील शिक्षिका शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी ही पद्धत रूढ केली आणि जगभरच्या ख्रिस्ती घरशाळांतून ती आजही चालते. मुलाला उतारा एकदाच वाचून दाखवायचा, दुसऱ्यांदा नाही. आणि मग त्याने तो स्वतःच्या शब्दांत सांगायचा. मध्ये टोकायचे नाही, चूक दुरुस्त करायची नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. एकदाच वाचले जाणार हे ठाऊक असले, की मूल कान देऊन ऐकते. मेसनबाई सहा वर्षांच्या आत मुलाकडून असे सांगून घेऊ नये म्हणत, तेव्हा आपल्या धाकट्याकडून आत्ताच फार अपेक्षा ठेवू नये.

यातले एक उदाहरण सांगते. थोरला सात वर्षांचा असताना मी त्याला रेव्हरंड ना. वा. टिळकांची ‘केवढे हें क्रौर्य’ ही कविता वाचून दाखवली. शब्द संस्कृताळलेले, म्हणून आधी दोन-चारांचे अर्थ सांगितले. वाचून झाल्यावर तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग सांगू लागला : पक्षिणीला लागले होते, तरी ती उडत, पडत घरट्याकडे आली, पिलांना चारा दिला आणि मग खाली उतरली. “खाली का उतरली?” असे त्याने मलाच विचारले, आणि मी उत्तर देण्याच्या आत स्वतःच म्हणाला, “रक्ताने पिलांचे अंथरूण ओले झाले असते ना, आई.” कवितेत तेच आहे, पण ते त्याच्या तोंडून आले, तेव्हा ही कविता मला पहिल्यांदा समजली, असे वाटले. त्या कवितेखाली पाच प्रश्न छापून गाळलेल्या जागा भरायला दिल्या असत्या, तर हे घडले नसते.

दुपारी दीड ते अडीच हा आमचा शांत तास. जेवणे झालेली असत, ओटा आवरलेला असे, आणि घरातील प्रत्येकजण आपापले पुस्तक घेऊन बसे, मीसुद्धा. ज्याला वाचता येत नाही त्याने चित्रे पाहावीत किंवा झोपावे. बोलायचे मात्र नाही. आईला स्वतःसाठी वाचताना मुलांनी रोज पाहणे, हे मला अभ्यासाइतकेच महत्त्वाचे वाटते. रात्री जेवणानंतर वडील अर्धा-पाऊण तास मोठ्याने वाचत, आणि धडा अर्ध्यावर आला, की मुद्दाम पुस्तक मिटत. रविवारी पाट्या-पुस्तकांना सुट्टी.

आता आपण मागवलेल्या संचाविषयी मनापासून सांगते. त्यातील गणित आणि विज्ञान वापरा. बाकीचे कपाटात ठेवले तरी नुकसान नाही. आम्हीही पहिल्या वर्षी असाच एक संच मागवला होता. डिसेंबरात माझ्या मुलीने बर्फाच्या माणसाचे आणि मेपलच्या पानाचे सुंदर चित्र काढले. पण दारातल्या पांगाऱ्यावर येणारा तांबट तिला ओळखता येत नव्हता, आणि आपल्या पणजीने मिशनच्या शाळेत काय वाचले असेल, याची तिला कल्पनाही नव्हती. ज्या नगरात आम्ही राहतो, तेथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हा मराठी ख्रिस्ती अंक निघू लागला. तो आजही निघतो. मराठी ख्रिस्ती घराला पुस्तके बाहेरून आणावी लागावीत, अशी आपली स्थिती नाही. रमाबाई कोणत्या शाळेत शिकल्या? वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, लोकांचा विरोध पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या आईने लेकीला. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईही शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर घरातच अक्षरओळख झाली आणि पुढे त्याच बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, नवऱ्याचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही पुरे केले. आपल्या परंपरेतील दोन सर्वांत मोठ्या लेखिका घरी शिकल्या, ही गोष्ट आपल्या मुलीला अवश्य सांगा.

प्रश्न : आमच्या मंडळीतील काही जण म्हणतात, की ख्रिस्ती मुलांना पंचतंत्र, संतांचे अभंग किंवा पुराणकथा वाचून दाखवू नयेत. मला स्वतःला अभंग फार आवडतात. काय करावे? — एक वडील, छत्रपती संभाजीनगर

आपल्या मंडळीतील वडीलधाऱ्यांची काळजी मुलांच्या विश्वासाविषयी आहे, हे मी जाणते आणि तिचा आदर करते. तरीही माझे मत निराळे आहे. ज्या मराठीत आपण प्रार्थना करतो, ती मराठी ज्ञानेश्वर, नामदेव आणि तुकाराम यांनी घडवली आहे. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले आणि त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते ओव्यांत, म्हणजे ज्या छंदात आपल्या लोकांचे कान आधीच तयार झाले होते त्याच छंदात. १६१६ मध्ये तो ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला आणि त्यात मराठी भाषेची जी स्तुती आहे, तिला आजही तोड नाही. रेव्हरंड टिळक तर म्हणत, की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुकाराम वगळून टिळकांची भजने मुलांना शिकवायची म्हटले, तर त्यांतला अर्धा गोडवा त्यांना कळणारच नाही.

आमच्या घरी आम्ही एवढेच करीत असू : प्रत्येक पुस्तक कोणाचे आहे, कोणत्या श्रद्धेने लिहिले आहे, हे वाचण्याआधी सांगत असू, आणि वाचून झाल्यावर मुलांना मोकळेपणाने बोलू देत असू. एकदा माझ्या मुलीने विचारले, की तुकाराम इतक्या कळवळ्याने देवाला हाक मारतात, तर देवाने ती ऐकली असेल का. मी तिला तयार उत्तर दिले नाही. आम्ही दोघींनी त्या दिवशी त्याच प्रश्नासाठी प्रार्थना केली. असा प्रश्न विचारू शकणाऱ्या मुलीचा विश्वास दुबळा आहे, असे मला वाटत नाही. मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे भीतिदायक युद्धकथा ठेवू नयेत, मग त्या पुराणातल्या असोत वा पवित्र शास्त्रातील ‘शास्ते’ या पुस्तकातल्या. तेथे वयाचा विचार करावा, धर्माचा नव्हे.

आणि मंडळीशी भांडू नका. पाळकसाहेबांना एका संध्याकाळी जेवायला बोलवा आणि त्यांच्यासमोर मुलांकडून अभंग आणि टिळकांचे एखादे भजन एकापाठोपाठ म्हणून घ्या. आमच्याकडे त्यानंतर हा विषय पुन्हा निघाला नाही.

प्रश्न : सासूबाई रोज म्हणतात, “पोरं घरात कोंडून घातलीत, माणसांत कशी वावरतील?” त्यांना काय सांगू? — एक सूनबाई, नाशिक

सांगू नका, दाखवा. सासूबाईंना मुलांच्या दिवसात काम द्या. आमच्या सासूबाई दर बुधवारी नातवंडांना घेऊन भाजीबाजारात जात. हिशेब मुलांनी करायचा आणि घासाघीस आजीने. पाव किलोचा भाव काढणे आणि सुट्टे पैसे परत मोजून घेणे मुले तेथेच शिकली. नाताळच्या आधी करंज्या करताना त्याच आपल्या लहानपणच्या मिशन कंपाउंडमधल्या गोष्टी सांगत, आणि मुले त्या वहीत उतरवून घेत. ती वही आता आमच्या कपाटातील सर्वांत मौल्यवान पुस्तक आहे. त्या वहीनंतर कोंडून घातल्याचे बोल थांबले.

बाकी त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. मुलांना बरोबरीची मुले हवीत. शब्बाथशाळा (मंडळीतील मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग), गल्लीतील क्रिकेट, पोहण्याचा वर्ग आणि वाचनालय यांपैकी दोन तरी गोष्टी आठवड्यात ठरलेल्या वेळी व्हाव्यात. आपण नाशिकमध्ये आहात, तेव्हा १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आपल्या हाताशी आहे. मुलांना तेथे घेऊन जा आणि पुस्तक बदलायला त्यांनाच ग्रंथपालांसमोर उभे करा. अनोळखी मोठ्या माणसाशी अदबीने बोलण्याचा सराव त्यातूनच होतो.

प्रश्न : घरी शिकवणे कायदेशीर आहे का? आणि दहावीचे काय करायचे? — एक वडील, कोल्हापूर

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षणाची सोय करणे हे त्याने सरकारवर बंधनकारक केले. कलम १० प्रमाणे मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचेही कर्तव्य म्हटले आहे, पण ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याविषयी कायदा स्वतंत्रपणे काही बोलत नाही : त्यासाठी परवान्याची तरतूद नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. त्यामुळे मुलांच्या अभ्यासाची नोंद, वह्या, वाचलेल्या पुस्तकांची तारीखवार यादी नीट ठेवावी, असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. कोणी चौकशीला आले, तर उघड्या मनाने ती समोर ठेवता येते.

दहावीसाठी दोन रस्ते आहेत. पहिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेली असली, की दहावीला प्रवेश मिळतो. आठवी उत्तीर्ण झाल्याचा दाखला नसेल, तर हा अभ्यास पेलेल असे स्वतःचे प्रमाणपत्र चालते. भाषेसह पाच विषय घ्यावे लागतात, प्रवेश पाच वर्षे टिकतो आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. दहावीला मराठी माध्यमही आहे. एकेक विषय सुटा देता येत असल्यामुळे आमच्या मुलीने भाषा आणि गृहविज्ञान आधी दिले, गणित पुढच्या खेपेला. दुसरा रस्ता राज्य मंडळाचा, खासगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून बसण्याचा. तेथे पूर्वीच्या शाळेचा दाखला मागतात. म्हणून मुलाला शाळेतून काढतानाच शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्या आणि जन्मदाखल्याबरोबर जपून ठेवा. एका परिचित कुटुंबाने तो घेतला नव्हता, आणि सहा वर्षांनी त्यासाठी त्यांना किती हेलपाटे घालावे लागले, ते मी पाहिले आहे. अर्जाच्या तारखा दर वर्षी बदलतात, तेव्हा त्या मंडळाच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात.

प्रश्न : आमची अकरा वर्षांची मुलगी पुस्तकातून डोके वर काढत नाही, पण आठ वर्षांच्या मुलाला पुस्तक म्हटले की रडू येते. घरभर पुस्तके असताना हा असा कसा? त्याच्यासाठी आम्ही रोज प्रार्थना करतो. — एक आई-वडील, वसई

प्रार्थना करत राहा. पण आधी त्याचे डोळे आणि कान एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. अक्षरे उलटी दिसणे, ओळ सुटणे, वाचताना डोके दुखणे असे काही असेल, तर त्याला रागवून उपयोग नाही. अशा मुलांना शिकवण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत आणि त्यासाठी जाणकाराकडेच जावे.

तसे काही नसेल, तर मग मी आमच्या धाकट्याविषयी सांगते, कारण तो नेमका असाच होता. ताईदादा दोघेही वाचणारे, आणि हा मात्र स्क्रू-पाने घेऊन पंख्याखाली बसलेला. त्याला आपण या घरातले नाही, असे वाटू लागले होते; हे त्याने सांगितले नाही, पण शांत तासात तो हळूच गच्चीवर जाऊ लागला, तेव्हा माझ्या लक्षात आले. ज्या घरात पुस्तकांचे इतके कौतुक, तेथे न वाचणाऱ्या मुलाला आपली किंमत कमी वाटते, आणि ही चूक आमची, मोठ्या माणसांची होती. त्यानंतर पाहुण्यांसमोर “हिने अमुक इतकी पुस्तके वाचली” हे सांगणे आम्ही बंद केले. त्याने दुरुस्त केलेली छत्री, त्याने लावलेली शिडी यांचेही नाव घेऊ लागलो. मंडळीच्या पेटीचा भाता फाटला होता, तो त्याने वडिलांबरोबर बसून चिकटवला, तेव्हा रविवारच्या उपासनेत पेटी वाजताना त्याचा चेहरा मी पाहत होते.

वाचनाचे म्हणाल, तर वर्षभर मी त्याच्या हातात पुस्तक दिलेच नाही. रात्रीचे मोठ्याने वाचणे तेवढे सोडू दिले नाही, मात्र तेव्हा हात मोकळे ठेवायचे नाहीत, असा त्याच्यासाठी नियम केला. कधी तो शेंगा सोलत असे, कधी दोरीच्या गाठी मारत असे, कधी काड्यापेट्यांची गाडी करत असे, आणि कान मात्र गोष्टीकडे. वर्षाच्या शेवटी एका रात्री वडिलांनी नेहमीप्रमाणे धडा अर्ध्यावर ठेवून पुस्तक मिटले. अकराच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरातला दिवा चालू होता आणि हा खाली फरशीवर बसून, बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत पुढचे पान वाचत होता. मी दिवा बंद न करता परत फिरले.

आपल्या मुलाला सध्या वाचायला बसवू नका. ताईला रोज रात्री वीस मिनिटे मोठ्याने वाचू द्या आणि त्याच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांची परात ठेवा.